गावालगतच्या वनात फिरायच्या नव्या वाटा : कुठे आखाव्यात, कुठे नकोतच?

माळवाट
नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण निर्णय लवकर व्हायचा आहे.

आमचं गाव तालुक्याचं ठिकाण आहे, सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात. गावाला लागून एक डोंगर आहे. माथा आणि उताराचा बराचसा भाग वनजमीन, आणि राखणीची जबाबदारी डोंगरापलीकडच्या वाडीच्या संयुक्त वनव्यवस्थापन समितीकडे. खालच्या अंगाला जुनी गिरिपुष्प आणि सुबाभळीची लागवड, मधे समपातळी चर (पाणी अडवायला उताराला आडवे खणलेले), वर कुसळीचं गवत. खडकाळ बाजूला खैर, धावडा, हेंकळ आणि थोडे सालई. माथ्यावर म्हसोबा. गेल्या काही वर्षांत गावातली खूप माणसं सकाळ-संध्याकाळ वर जायला लागली आहेत, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. पण जो तो आपापल्या वाटेने चढतो. डोंगराच्या गावाकडच्या बाजूला आता वाटांच्या रेघाच रेघा दिसतात.

आता निधी मिळण्याची शक्यता आहे. पहिल्या कच्च्या आराखड्यात पायथ्यापासून म्हसोबापर्यंत सरळ, तीन मीटर रुंद, ब्लॉक बसवलेली वाट आहे. दोन्ही बाजूंना सौर दिवे, मधे बाकडी, वर निरीक्षण मनोरा. वनपालांनी आणि समितीने आम्हा फिरणाऱ्यांना सूचना लेखी द्या म्हणून सांगितलंय. मला हा आराखडा पटत नाही, पण नुसतं 'नको' लिहून भागणार नाही, पर्याय द्यावा लागेल. वाटा किती असाव्यात, कुठून न्याव्यात, जमीन कशी ठेवावी, आणि कोणासाठी? ज्यांनी असं काम जवळून पाहिलंय त्यांनी लिहा.

कोकणकडा_७१
ब्लॉक नकोत. बाकी काहीही चालेल.

ओव्हरसियर
मृदसंधारणात नोकरी झाली, आता निवृत्त. मनोरा, बाकडी बाजूला ठेवा, आधी पाण्याचं बोला. वाट टिकते की वाहून जाते हे पहिल्या दोन पावसाळ्यांत ठरतं.

सरळ चढणारी वाट म्हणजे पाण्याला करून दिलेला ओहोळ. तुमच्याकडे पाऊस कमी असला तरी पडतो तो वळवाचा आणि परतीचा, तासाभरात धो धो. उताराच्या दिशेने जाणाऱ्या वाटेवर ते पाणी एकदा चढलं की खाली पोचेपर्यंत वाट सोडत नाही. माती जाते, दगड उघडे पडतात, मग माणसं दगड टाळून कडेने चालतात आणि वाट रुंदावत जाते. ब्लॉक बसवले तर ते खालून पोकळ होऊन दोन-तीन वर्षांत डुगडुगायला लागतात.

म्हणून दोन आडाखे लक्षात ठेवा. एक, वाटेचा चढ हा त्या ठिकाणच्या डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी हवा, म्हणजे पाणी वाट ओलांडून खाली निघून जातं. दुसरा, एकूण सरासरी चढ १० टक्क्यांच्या आत, म्हणजे १० मीटर चाललं की फार तर १ मीटर चढलं पाहिजे. डोंगर पायथ्यापासून ९० मीटर उंच असेल तर वाट किमान ९०० मीटर लांब होईल. लोक म्हणतील लांबची झाली. अहो, फिरायलाच तर येताय!

वाटेच्या खालच्या कडेला शेकडा तीन ते पाच इतका ढाळ द्या, आणि ठरावीक अंतरावर वाट मुद्दाम जराशी उतरवून पुन्हा चढवा, म्हणजे त्या खोलगट जागेतून पाणी बाहेर पडतं. यासाठी ना सिमेंट लागतं ना पाईप. टिकाव, घमेलं आणि लेव्हल बघायला पाण्याची नळी पुरते. गावात कुणी पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत काम केलेलं असेल तर त्यांना हायड्रोमार्कर (समपातळीच्या खुणा करायचं साधन) वापरता येतो, त्यांना हाताशी धरा.

आणि चर! चरांचे भराव तुडवून वाट नेऊ नका. भराव फुटला की वरच्या चराचं पाणी खालच्या चरात, तिथून त्याच्या खालच्यात, आणि सगळी रांग फुटते. चर ओलांडावेच लागतील तर एकाच जागी, दगडी सांडवा करून.

माळवाट
@ओव्हरसियर, खूप आभार. चरांचं बरोबर आहे, तीन ठिकाणी भराव फुटलेत आणि तिन्ही ठिकाणी वरून पायवाट उतरते. या दोन गोष्टींचा संबंध असा कुणी लावून दाखवला नव्हता.

पहाटफेरी
पुण्याहून. वेताळ टेकडीवर अनेक वर्षं जातो आहे. बालभारती ते पौड फाटा रस्त्याच्या विरोधात २०२३ मध्ये हजारो पुणेकर चालले, तेव्हा मीही होतो. टेकडी राहावी म्हणून लोक भांडतात ते तिथे चालल्यामुळेच. त्यामुळे 'माणसं आत नकोतच' असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्या डोंगरावर कुणी जात नाही, तो खणला गेला तरी कुणाला पत्ता लागत नाही.

पण वेताळवर जे झालंय ते तुमच्याकडे होऊ देऊ नका. मुख्य वाटेला समांतर अशा इतक्या वाटा पडल्यात की काही पट्ट्यांत गवतापेक्षा उघडी जमीन जास्त. एकाने दुसऱ्याला टाळून पुढे जायचं म्हणून एक, पावसात चिखल टाळायचा म्हणून दुसरी, पळणाऱ्यांची तिसरी. मी तर म्हणेन की आराखड्याच्या पहिल्या पानावर 'नवीन वाटा' असं न लिहिता 'बंद करायच्या वाटा' असं लिहा. जितक्या मीटर नवी वाट, त्याच्या निदान दुप्पट मीटर जुनी वाट मोडायची. मोडायची म्हणजे नुसती पाटी लावून नाही. तोंडाशी बोरी-बाभळीच्या फांद्या टाकायच्या, जमीन कुदळीने भुसभुशीत करायची, आडवे दगड लावायचे. दोन पावसाळे कुणी पाय ठेवला नाही तर गवत परत येतं.

टिटवी
पहाटफेरी यांच्याशी बव्हंशी सहमत, पण 'बंद करायच्या वाटां'च्याही आधी एक पान हवं : जिथे वाट जाणारच नाही अशा जागा.

तुम्ही वर कुसळीचं गवत लिहिलंय. आपल्याकडे गवताळ माळ म्हटला की 'इथे काही नाही' असं समजून पहिला रस्ता तिथूनच काढतात. खरं तर या डोंगरावरचा सगळ्यांत मोलाचा भाग तोच असण्याची शक्यता आहे. टिटवी, रातवा, चंडोल, तित्तिर हे सगळे जमिनीवर घरटं करणारे. टिटवीची अंडी मार्चपासून पावसाळ्यापर्यंत उघड्या खड्यांत पडलेली असतात आणि दोन पावलांवरून दिसत नाहीत. माणूस जवळ आला की ती ओरडत उठते, आणि तेवढ्या वेळात अंडी उन्हात तापतात. दिवसभर माणसांची ये-जा राहिली तर ती जागाच सोडते.

दुसरी जागा म्हणजे उघडा सपाट कातळ, ज्यावर पावसाळ्यात बोटभर माती आणि पाणी साठतं. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे बसून बघा. दिपकाडी, जमिनीवरच्या आमरी (ऑर्किड), नशीब असेल तर कंदीलपुष्प. यांचे कंद त्या बोटभर मातीतच असतात. फोटोसाठी लोक नेमके तिथेच उभे राहतात.

उलट गिरिपुष्पाची लागवड बघा. सत्तर-ऐंशीच्या दशकांपासून उघडे डोंगर लवकर हिरवे दिसावेत म्हणून ते लावलं गेलं. दाट वाढतं, खाली फारसं काही उगवत नाही. पण सावली देतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी फुलांनी भरतं. चालायला सुंदर. तिथून वाटा न्या, वळणावळणाच्या न्या, हव्या तितक्या न्या. माणसांना सावली हवी असते आणि टिटवीला उघडा माळ. तुमच्या डोंगरावर दोघांची सोय होण्यासारखी आहे.

मिसळगुरुजी
आणि आमची सोय? वाट जिथे संपते तिथे गरम मिसळ मिळावी ही सूचना कृपया पहिल्या पानावर घ्या.

टिटवी
@मिसळगुरुजी, मिसळ गावात खा, डोंगराच्या बाहेर. पावाचे तुकडे पडले की कुत्री येतात, आणि कुत्री आली की ससे जातात. :)

चाकावरचा
सायकलवाल्यांचं कुणीच बोललं नाही अजून. आम्ही बरेच जण आहोत गावोगावी, आणि डोंगरातल्या मातीवर सायकल चालवणं हा गाडी-पेट्रोलपेक्षा कितीतरी चांगला नाद आहे. ओव्हरसियर यांनी सांगितलेली हलक्या चढाची वाट आम्हालाही तीच हवी. खालच्या लागवडीत दोन-अडीच किलोमीटरची एक वेगळी फेरी द्या, एकाच दिशेने जाणारी. माथ्यावर आम्ही सायकल नेत नाही म्हणून लिहून देतो.

निवांत_पेन्शनर
लिहून देऊन काय होणार? आमच्याकडे वळणावर एक मुलगा मागून आला तो अंगावरच. गुडघा अजून दुखतो. पायवाट पायांसाठी असावी एवढं साधं म्हणणं आहे.

चाकावरचा
@निवांत_पेन्शनर काका, तुमच्या गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. म्हणूनच वेगळी फेरी म्हणतोय. एकत्र ठेवलं तर भांडणंच होणार. वेगळी नसेल तर निदान वेळ वाटून द्यावी, सकाळी आठच्या आत सायकल नाही.

वाडीवरचा
मी अशाच एका वाडीतला आहे. तुमची नाही, पण गोष्ट तीच. नोकरीमुळं पुण्याला असतो, वडील आणि चुलता अजून मेंढरं राखतात. एवढे प्रतिसाद वाचले, सगळे शहाणे लोक आहेत. पण वाडीतल्या माणसाला काय पाहिजे हे एकानंही विचारलं नाही, म्हणून लिहितो.

हे जंगल १९९२ पासून जी संयुक्त वनव्यवस्थापनाची पद्धत आली तिच्यातून राखलेलं असणार. राखलेलं म्हणजे काय, तर वाडीनं चराईबंदी पाळली, कुऱ्हाडबंदी पाळली. आमच्या गावात बायांनी सरपणासाठी लांबच्या रानात जायला सुरुवात केली, पण राखीव तुकड्यात हात घातला नाही. त्याच्या बदल्यात दिवाळीच्या पुढंमागं गवत कापायला मिळतं. ते गवत उन्हाळ्यात जनावरांच्या तोंडात जातं. आता त्या गवतातून पंचवीस वाटा पडल्या तर कापायला काय राहणार? तुडवलेलं गवत विळ्याला येत नाही.

कुत्र्यांचं टिटवी यांनी लिहिलं. आमच्याकडं फिरायला येणारी माणसं गाडीतून कुत्री आणतात आणि वर मोकळी सोडतात. चुलत्याची दोन करडं फाडली. मालक म्हणाले, आमचा कुत्रा असं करत नाही. पैसे मिळाले नाहीत, ते जाऊ द्या, साधी चौकशीपण केली नाही.

आणि म्हसोबा. तो आम्हा वाडीवाल्यांचा देव आहे. आमच्याकडं आषाढात जत्रा असते, वाट वहिवाटीची आहे, ती डोंगराच्या मागच्या बाजूनं येते. तुमच्याकडंही अशी वाट असणार. आराखड्यात ती वाट दाखवलीय का? बहुतेक नसणार, कारण नकाशा गावाकडून बघून काढलेला असतोय.

माळवाट
@वाडीवरचा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. नकाशा आत्ता उघडून बघितला, मागची वाट त्यात नाही. गवतकापणीचे तुकडे कुठे आहेत हेही नाही. समितीचे अध्यक्ष बैठकीला होते, पण बोलत होतो आम्ही गावातलेच. उद्या वाडीवर जाऊन येते आणि इथे लिहिते.

वाडीवरचा
जावा. पण सकाळी आठ-नऊला जाऊ नका, त्या वेळी कुणी सापडणार नाही. दिवे लागायच्या वेळेला जावा. आणि बायांशी बोला, त्यांना सगळ्या वाटा माहीत असतात.

कलम_पाच
कायद्याच्या बाजूने थोडं. आराखडा पुढे सरकण्याआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, जमीन नक्की कोणती : राखीव वन, संरक्षित वन, की गायरान? सातबारा आणि वनखात्याचा नकाशा दोन्ही काढा. वनजमीन असेल तर १९८० चा वनसंवर्धन कायदा लागू आहे. मातीची पायवाट वनव्यवस्थापनाचा भाग म्हणून होऊ शकते, पण तीन मीटरचा पक्का रस्ता, मनोरा, बांधकाम हे वनेतर काम ठरलं तर केंद्राच्या मंजुरीचा प्रश्न येतो. बऱ्याच ठिकाणी निधी येतो, काम सुरू होतं आणि मग अर्ध्यात थांबतं, ते याच कारणाने.

दुसरी, त्या वाडीने वनहक्क कायद्याखाली (२००६ चा) सामूहिक वनहक्काचा दावा केलाय का? मान्य झालेला असेल तर कलम ५ प्रमाणे त्या वनाचं रक्षण आणि नियमन हा ग्रामसभेचा अधिकार आहे. मग हा आराखडा तुम्ही सुचवायचा नसून ग्रामसभेने ठरवायचा, तुम्ही तिच्याकडे जायचं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर हा हक्क मिळाला आणि देशाला वाट दिसली. आपल्या पश्चिम महाराष्ट्रात असे दावे कमी आहेत, पण नाहीतच असं समजून चालू नका.

तिसरी, कुणी तुम्हाला सांगेल की त्याच कायद्याच्या कलम ३(२) खाली गावाच्या सोयीसाठी वनजमीन मिळते, त्यातून रस्ता काढू. ते कलम शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाण्याच्या टाक्या, रस्ते अशा १३ सुविधांसाठी आहे. प्रत्येकी एक हेक्टरच्या आत, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटणार नसतील तर, आणि ग्रामसभेची शिफारस असेल तर. तो हेतू वनात राहणाऱ्या गावाच्या गरजेचा आहे. फिरायला येणाऱ्यांच्या सोयीसाठी ते वापरणं चुकीचं होईल.

पहाटफेरी
फार कामाची माहिती. @माळवाट, हे तिन्ही मुद्दे निवेदनाला जोडाच.

यवतेश्वर
सातारचाच आहे, त्यामुळे कासच्या फुलांच्या पठाराचं लिहायलाच हवं. २०१२ ला जागतिक वारशात गेल्यावर गर्दी इतकी झाली की फुलं वाचवायला कुंपण घातलं. दिवसाला ३००० माणसांची मर्यादा, आधी नोंदणी, शुल्क, आणि व्यवस्था आसपासच्या गावांच्या समित्यांकडे. यातला शेवटचा भाग मला उत्तम वाटतो. हंगामात गावच्या मुलांना काम मिळतं आणि ती मुलं पर्यटकांना फुलात बसू देत नाहीत.

पण कुंपणाने गुरं बंद झाली, गवत वाढलं, काही फुलं मागे हटली अशी तक्रार स्थानिकांनी आणि अभ्यासकांनीही केली, आणि शेवटी कुंपण काढायचा निर्णय झाला. त्यामुळे @टिटवी, 'जिथे वाट नाही' अशा जागा ठरवताना चराई पूर्ण बंद करू नका. माळ हा गुरांच्या तोंडानेही माळ राहतो.

टिटवी
@यवतेश्वर, मान्य, आणि माझं म्हणणं गुरांविरुद्ध मुळीच नाही. गुराखी माळावरून एकदा जातो, दुसऱ्या दिवशी दुसरीकडून जातो. फिरणारा रोज त्याच रेषेवरून, त्याच वेळी, घोळक्याने जातो. फरक तिथे पडतो.

सांजसावली
दिव्यांबद्दल. आराखड्यातल्या दिव्यांच्या बाजूने इथे कुणीच बोललेलं नाही आणि लिहिणारे बहुतेक पुरुष दिसतायत, म्हणून लिहिते. मी शिक्षिका आहे. शाळा सुटून घरचं आवरून मला फिरायला मिळणारी वेळ संध्याकाळी साडेसहानंतरची. हिवाळ्यात तेव्हा अंधार असतो. ज्या वाटेवर उजेड नाही आणि दोन्ही बाजूंना झाडी आहे तिथे मी एकटी जात नाही, माझ्या मैत्रिणीही जात नाहीत. मग ही वाट कोणासाठी झाली? रातव्याची काळजी मलाही आहे, पण वनातल्या वाटा फक्त पहाटे मोकळ्या असणाऱ्यांच्या होऊ नयेत.

टिटवी
तुमचा मुद्दा रास्त आहे. वनात मात्र मी दिव्यांना विरोधच करेन. रात्रभर उजेड राहिला की किडे तिथे गोळा होतात, वटवाघळं आणि रातवे यांची खाण्याची जागा बदलते, आणि बिबट्या असेल तर त्याचाही रस्ता बदलून तो वस्तीकडे वळू शकतो. पण डोंगराच्या पायथ्याची, वनहद्दीच्या बाहेरून जाणारी एक सपाट फेरी काढली आणि तिथे जमिनीकडे वळवलेले, रात्री नऊला बंद होणारे दिवे लावले तर?

सांजसावली
चालेल. पण मग त्या फेरीचं काम आधी व्हायला हवं. नेहमी होतं काय, वरचं होतं आणि पायथ्याचं 'पुढच्या टप्प्यात' जातं. आणि वाटेच्या दोन्ही बाजूंची झुडपं कमरेइतकीच ठेवा, समोरून येणारा माणूस लांबून दिसला पाहिजे.

निवांत_पेन्शनर
सांजसावली यांना अनुमोदन. पायथ्याची सपाट फेरी आम्हा म्हाताऱ्यांनाही हवी. माझी पत्नी चाकाच्या खुर्चीवर आहे. डोंगर तिला खिडकीतून दिसतो. दाबलेल्या मुरुमाची दीड मीटर रुंद, फारसा चढ नसलेली अर्धा किलोमीटर वाट असली तरी मी तिला गिरिपुष्पाच्या फुलाखाली घेऊन जाऊ शकेन. एवढ्यासाठी ब्लॉक लागत नाहीत.

ओव्हरसियर
@निवांत_पेन्शनर, नक्की होईल. चढ ५ टक्क्यांच्या आत, मुरूम पाणी मारून रोलरने दाबायचा, दर ३० मीटरवर बसायला सपाट जागा. खर्चाने तीन मीटरच्या ब्लॉकपेक्षा कितीतरी स्वस्त. वरच्या वाटा मात्र मीटर-सव्वा मीटरच ठेवा. तेवढी रुंदी साफ असली की पाऊल कुठे पडतंय ते दिसतं. खडकाळ कोरड्या डोंगरावर फुरसं असतं, हे विसरू नका.

कोकणकडा_७१
फुरसं म्हटल्यावर बुटांची सूचना पाटीवर पहिली घ्या. चपला घालून पळणारे बघितलेत.

वणवा_नको
अजून कोणी आगीचं बोललं नाही. फेब्रुवारी ते जून हा वणव्याचा काळ. वनखातं फेब्रुवारीच्या मध्याच्या आत जाळरेषा जाळून घेतं, म्हणजे गवताचे पट्टे आधीच ठरवून जाळतात किंवा साफ करतात, आग आली तर तिथे अडावी म्हणून. या जाळरेषा दरवर्षी मोकळ्या करायच्याच असतात. मग नवी वाट वेगळी खणण्याऐवजी जिथे चढ बसतो तिथे जाळरेषेवरूनच न्या. रोज पायाखाली राहिलेली पट्टी गवत धरत नाही, खात्याचं काम हलकं होतं, आणि आग लागली तर माणसं त्याच वाटेने लवकर पोचतात. उपग्रहावरून आगीचा संदेश मोबाईलवर येतो, पण विझवायला शेवटी झाडाची ओली फांदी घेऊन धावणारी माणसंच लागतात.

एक विनंती : ज्या वाटेजवळ कड्याला किंवा मोठ्या झाडाला आग्या मोहोळं असतात, ती वाट निदान उन्हाळ्यात बंद ठेवा. धूर, अत्तराचा वास किंवा एखादा दगड पुरतो, माश्या उठतात आणि पळायला जागा नसते.

ओव्हरसियर
जाळरेषेची कल्पना चांगली, पण तपासून. जुन्या जाळरेषा बऱ्याचदा उताराला सरळ असतात, त्या वाट म्हणून घेतल्या तर पुन्हा ओहोळच. आडव्या असतील त्या घ्या.

रेनियरच्या_छायेत
सिअ‍ॅटलहून लिहितोय. इथे डोंगरातल्या कित्येक वाटांची देखभाल स्वयंसेवक करतात. शनिवार-रविवारी 'वॉशिंग्टन ट्रेल्स असोसिएशन' लोकांना घेऊन जाते, फावडी-कुदळी देते, आधी अर्धा तास काम शिकवते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आजोळी बांध घालायला गेल्याची आठवण झाली, आणि मग वाटलं की श्रमदान तर आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. @माळवाट, सगळी वाट कंत्राटाने करून घेऊ नका. ज्याने स्वतः घमेलं उचललंय तो मधूनच आडवाट पाडत नाही, आणि दुसऱ्यालाही पाडू देत नाही.

वाडीवरचा
श्रमदान चांगलं, पण वाडीतल्या माणसाला ते सांगू नका. तो रोजच कुदळ चालवतोय. वाडीच्या लोकांना मजुरी द्या, फिरणाऱ्यांनी श्रमदान करा.

रेनियरच्या_छायेत
अगदी बरोबर बोललात.

माथेरानप्रेमी
ब्लॉकवरून माथेरान आठवलं. मोटारबंदी असलेलं गाव, २००३ पासून पर्यावरण संवेदनशील क्षेत्र, लाल मातीच्या वाटा. पावसात माती वाहते म्हणून ब्लॉक आले, मग ते कोणते, कुठवर, घोडे घसरतात का, यावर वाद होऊन प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिथे निदान गाव आहे, शाळेची मुलं आहेत, आजारी माणसं न्यायची असतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना वजन आहे. तुमच्या डोंगरावर राहतं कोण? म्हसोबा. त्याला ब्लॉक लागत नाहीत.

माळवाट
वाडीवर जाऊन आले. दिवेलागणीलाच गेले, @वाडीवरचा यांचं ऐकून. खूप काही लिहिण्यासारखं आहे, कामाचं तेवढं लिहिते.

जत्रेची वाट तिथल्या दोन बायकांनी मला अंगणात खड्यांनी मांडून दाखवली. ती ओव्हरसियर म्हणतात तशीच आहे : डोंगराला वळसा घालत हलक्या चढाने येणारी, मधे दोन ठिकाणी विसाव्याचे दगड. पूर्वी डोक्यावर हंडे घेऊन याच वाटेने जायचे. म्हणजे माथ्याची वाट नव्याने आखायची गरजच नाही. ती दुरुस्त करायची, वाडीची परवानगी घेऊन. गावाकडच्या लोकांना थोडं फिरून यावं लागेल, ते मी निवेदनात स्पष्ट लिहिणार आहे.

गवतकापणीचे तुकडे त्यांनी सांगितले. टिटवी यांनी म्हटलेला माळ आणि कापणीचा सगळ्यांत चांगला तुकडा जवळजवळ एकच आहे. तिथे वाट नाही, हे पहिलं वाक्य. सामूहिक वनहक्काचा दावा भरला होता असं एका आजोबांना आठवतं, कागद कुठे आहेत ते शोधणार आहेत. तोवर कुठलंही काम सुरू करू नये अशी विनंती वनपालांना करते.

आता निवेदन असं होतंय. पायथ्याची सपाट मुरमाची फेरी पहिल्या टप्प्यात, नऊपर्यंतच्या खाली वळवलेल्या दिव्यांसह. त्यापुढे गिरिपुष्पात एक चालण्याची आणि एक सायकलची फेरी, दोन्ही स्वतंत्र, चरांना समांतर. माथ्यावर फक्त जत्रेची जुनी वाट. गावाकडून सरळ चढणाऱ्या सगळ्या वाटा बंद. कुत्री मोकळी सोडायची नाहीत. मनोरा आणि ब्लॉक वगळा, त्या पैशातून वाडीच्या दोन माणसांना वर्षभर राखणीची मजुरी.

एक गोष्ट सुटली नाही. गाड्या लावायची जागा आराखड्यात जिथे दाखवलीय तिथे वाडीच्या जनावरांची पाण्याची टाकी आहे. दुसरी सपाट जागा गावाकडे खाजगी शेतात आहे, मालक अजून काही बोलत नाहीत.

वाडीवरचा
टाकीपाशी गाड्या नकोत. संध्याकाळी जनावरं पाण्यावर येतात त्याच वेळी फिरायला येणारे येतात, जनावर बुजलं की पाणी न पिताच परत फिरतं. यावर वाडी ऐकणार नाही, आणि ऐकू नये. गाव एक-दीड किलोमीटरवर असेल तर गाड्या गावातच ठेवा आणि चालत या.

निवांत_पेन्शनर
बहुतेकांना जमेल. माझ्यासारख्याला खुर्ची उतरवायला एकच गाडी थांबेल एवढी जागा पायथ्याच्या फेरीच्या तोंडाशी हवी. एकच.

वाडीवरचा
काका, तुमच्या गाडीला कोण नाही म्हणणार. ती जागा टाकीच्या अलीकडं, एखाद्या बांधाच्या कडेला निघेल. माळवाट ताई, तेवढं वाडीत विचारा, माझ्या मते हो म्हणतील.

माळवाट
विचारते. निवेदनात 'एक गाडी, फक्त दिव्यांग आणि आजारी व्यक्तींसाठी' असं लिहिते. सार्वजनिक वाहनतळ नाही.

ओव्हरसियर
लेव्हलची नळी आणि खुणेच्या काठ्या माझ्याकडे आहेत. फलटणपर्यंत मी एसटीने येतो, पुढे कुणी घ्यायला या. रेषा आखायला पावसाळा संपल्या संपल्या यावं लागेल, जमीन ओली असतानाच पाणी कुठून गेलंय ते दिसतं. गवत कापायच्या आधी नको, वाडीला विचारून तारीख कळवा.